त्वचेचे प्रश्न : डाग कोठे थांबतो, ते आधी पाहावे

उन्हाळा संपत येतो आणि मृगाचा पाऊस तोंडावर असतो, त्या दिवसांत त्वचेच्या तक्रारींची पत्रे दरवर्षी वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत आजवर काय काय लावून पाहिले याची यादी आहे, पण आजार अंगावर नेमका कोठे आहे आणि कोठे नाही, हे फार थोड्यांनी लिहिले आहे. त्वचेच्या आजाराची निम्मी ओळख त्याच्या सीमेवरून पटते, म्हणून उत्तरांमध्ये मी या सीमेकडे पुन्हा पुन्हा वळणार आहे. पत्रलेखकांची नावे आणि गावे गाळून केवळ जिल्हे ठेवले आहेत.

प्रश्न : माझे वय ५८ असून परभणी जिल्ह्यात माझी कोरडवाहू शेती आहे. तीन वर्षांपासून चेहरा, मान आणि हातांना असह्य खाज सुटते. कातडी जाड आणि काळी पडली आहे. पावसाळ्यात त्रास फार वाढतो. ‘उन्हाची ॲलर्जी’ असे निदान झाल्यामुळे सनस्क्रीन नेमाने लावले, पण गुण आला नाही. मुलाकडे मुंबईला महिनाभर राहिलो तेव्हा निम्मे बरे वाटले आणि गावी परतल्यावर आठ दिवसांत पुन्हा तेच सुरू झाले. ऊन तर मुंबईतही होते, मग असे का?

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यात उत्तराचा धागा आहे. आपण पाठवलेले छायाचित्र मी बराच वेळ पाहिले. त्यात वरच्या पापण्या सुजून जाड झालेल्या आहेत, कानामागची कातडी चिरलेली आहे आणि हनुवटीखालची, एरवी सावलीत राहणारी जागाही तितकीच काळवंडलेली आहे. ऊन वरून पडते. ते कपाळावर, गालाच्या उंचवट्यावर, नाकावर आणि मानेच्या मागच्या भागावर लागते, पण पापणीच्या घडीत, कानामागे आणि हनुवटीच्या खाली पोहोचत नाही. हवेतून येणारी धूळ मात्र नेमकी याच सांदीकोपऱ्यांत आणि कोपराच्या घडीत घामाबरोबर साचून राहते. त्यामुळे आपल्या आजाराचे मूळ उन्हापेक्षा हवेत असावे असा माझा दाट संशय आहे, आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या बाबतीत हवेतील पहिला संशयित म्हणजे गाजरगवत.

या गवताला कोणी काँग्रेस गवत म्हणते, कोणी पांढरफुली. १९५०च्या दशकाच्या मध्यास ते पुण्यात प्रथम नोंदवले गेले, परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते, आणि पुढे देशातील एकही पडीक रान त्याच्यापासून सुटले नाही. त्याच्या पानांवर, देठांवर आणि फुलांवर जे बारीक केस असतात, त्यांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. गवत वाळले की त्याचा चुरा वाऱ्यावर उडतो, म्हणूनच ज्याने गवताला कधी हातही लावला नाही त्यालाही त्रास होऊ शकतो. ही ॲलर्जी एका दिवसात होत नाही; वर्षानुवर्षे गवतात वावरलेल्या माणसाला ती पन्नाशीच्या आसपास अचानक जडते आणि ‘इतकी वर्षे काही झाले नाही, आताच कसे?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो.

खात्रीसाठी पॅच टेस्ट करावी. पाठीवर वेगवेगळ्या द्रव्यांच्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, त्या ४८ तासांनी काढून पाहतात आणि साधारण ९६ तासांनी पुन्हा एकदा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नसते आणि घाम येईल असे काम करायचे नसते. म्हणून ही तपासणी पेरणीच्या घाईत न ठेवता थोड्या निवांत दिवसांत ठेवलेली बरी. उपचारात काही दिवस स्टेरॉइडचे मलम, चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमस, खाजेच्या गोळ्या आणि आजार चिवट असल्यास ॲझाथायोप्रिन या गोळ्या देतात. या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि त्या चालू असताना रक्तपेशींची व यकृताची तपासणी ठरलेल्या अंतराने करावीच लागते, हे आधीच समजून घ्यावे.

गवत उपटण्याचे काम आपण स्वतः करू नये. घरातील ज्यांना त्रास नाही त्यांनी हातमोजे घालून, फुलावर येण्यापूर्वी ते उपटावे. गवत खाणारे झायगोग्रामा जातीचे मेक्सिकन भुंगे भारतात १९८४ मध्ये सोडण्यात आले; त्यांविषयी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारणा करता येईल. शेतातून आल्यावर लगेच अंघोळ करावी, धुतलेले कपडे बांधावरच्या झुडपांवर वाळत घालू नयेत आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. सनस्क्रीन मात्र सोडू नये, कारण ही ॲलर्जी जुनी झाली की काही रुग्णांची त्वचा पुढे खरोखरच उन्हालाही सहन करेनाशी होते. तेव्हा आपल्या पहिल्या डॉक्टरांचे निदान अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. ते अर्धे होते.

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यात आशा कार्यकर्ती आहे. आमच्या गावात ४५ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. दोन्ही हातांच्या मागच्या बाजूस आणि गळ्याभोवती कातडी भाजल्यासारखी काळी व खरखरीत झाली आहे. त्यांना वरचेवर जुलाब होतात आणि अलीकडे ते विसरतात, चिडतात. दारूचे व्यसन आहे. लोक म्हणतात, महारोग आहे. काय समजावे?

उत्तर : आपले निरीक्षण इतके नेमके आहे की निदानाचे बरेचसे काम आपणच केले आहे. हा पेलाग्रा असण्याची शक्यता फार मोठी आहे. निआसिन, म्हणजेच ब-३ जीवनसत्त्व, शरीरात कमी पडले की त्वचा ऊन सोसू शकत नाही. सदऱ्याची बाही जेथे संपते तेथे रेघ ओढल्यासारखी कडा दिसते, दोन्ही हात सारखेच काळवंडतात आणि गळ्यात पोत घातल्यासारखा पट्टा उमटतो. जुलाब आणि भ्रम ही त्याच आजाराची दुसरी दोन अंगे आहेत. महारोगात डागाला बधिरता असते. येथे ती नसते, उलट जळजळ होते.

दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या भागात हा आजार पूर्वी बराच आढळत असे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६०च्या सुमारास ज्वारीतील ल्युसीन या अमिनो आम्लाच्या जास्त प्रमाणाशी त्याचा संबंध जोडला होता. हे वाचून कोणी भाकरी सोडू नये. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी असा आहार असेल तर ज्वारीने काही बिघडत नाही. केवळ भाकरी आणि तिखट यांवर दिवस काढावे लागत, त्या दिवसांची ती गोष्ट होती. आज मला हा आजार प्रामुख्याने दारूमुळे जेवण सुटलेल्यांमध्ये दिसतो, आणि क्वचित क्षयरोगाच्या आयसोनियाझिड या गोळीमुळेही तो होतो. म्हणून क्षयाचे उपचार चालू आहेत का, हे अवश्य विचारावे. मात्र ती गोळी आपल्या मनाने बंद करायला सांगू नये.

निकोटिनामाइड साधारणपणे दिवसाला ३०० मिलिग्रॅम, विभागून, आणि सोबत इतर ब जीवनसत्त्वे दिली की जुलाब आणि मनाची अवस्था काही दिवसांत सुधारते. त्वचेला काही आठवडे लागतात. भ्रम सुरू झाला असल्यामुळे त्यांना घरी न ठेवता रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ५२ वर्षांच्या आहेत. आम्ही बीड जिल्ह्यातील असून सहा महिने उसाच्या फडावर असतो. पाच महिन्यांपूर्वी त्यांचे तोंड आले. उष्णता म्हणून गुलकंद, तूप, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या सगळे दिले. आता छातीवर आणि पाठीवर पाण्याचे फोड येतात, लुगडे घासले तरी फुटतात आणि चादर अंगाला चिकटते. कोणी म्हणते देवी, कोणी म्हणते करणी. जाऊबाईंनी त्यांचे ताट वेगळे केले आहे. हा आजार लागतो का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. हा आजार लागत नाही. ताट आजच एकत्र करावे.

आपल्या वर्णनावरून हा पेम्फिगस व्हल्गॅरिस असावा. आपल्या त्वचेच्या पेशी एकमेकींना डेस्मोग्लिन नावाच्या प्रथिनांनी जोडलेल्या असतात. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा याच प्रथिनांना शत्रू समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि जोड सुटतात; विटा शाबूत राहाव्यात आणि मधला चुना विरघळावा, तसे होते. फोड त्वचेच्या अगदी वरच्या थरात होत असल्यामुळे त्याचे कवच पातळ व ढिले असते. तो टिकतच नाही; रुग्ण आपल्यापुढे येतो तेव्हा फोड थोडे आणि सोललेल्या ओल्या जागा फार, असे चित्र असते. फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठ्याने हलका दाब देऊन सरकवले तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी ती सरकते. ही खूण डॉक्टरांनी पाहायची असते, घरी करून पाहू नये.

याउलट पासष्टी-सत्तरीच्या वृद्धांमध्ये आधी कित्येक आठवडे नुसती खाज येऊन नंतर टणक, ताणलेले, सहज न फुटणारे फोड येतात आणि तोंड बहुधा वाचते. तो बुलस पेम्फिगॉइड. त्याचा मार्ग आणि उपचार पुष्कळसे सौम्य असतात. पेम्फिगसची सुरुवात मात्र बहुतेकदा तोंडातून होते, कधी कधी महिनोन्‌महिने तोंडातच राहते, आणि आपल्याकडे तोंड येणे म्हणजे उष्णता हे समीकरण इतके पक्के आहे की तो काळ वाया जातो. तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातील जखम तज्ज्ञाला दाखवलीच पाहिजे, मग ती पेम्फिगसची असो, तंबाखूची असो वा दाताच्या टोकाची.

निदानासाठी ताज्या फोडाच्या कडेचा लहानसा तुकडा काढून तपासतात आणि शेजारच्या साबूत कातडीचा दुसरा तुकडा विशेष द्रवात इम्युनोफ्लुओरेसन्स तपासणीला पाठवतात. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी जे जवळ असेल तेथील त्वचारोग विभागात त्यांना लगेच न्यावे. स्टेरॉइड येण्यापूर्वी या आजाराचे बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावत. आज योग्य उपचारांनी बहुसंख्य रुग्ण वाचतात आणि कामालाही लागतात. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस ठरावीक अंतराने मोठ्या मात्रेत औषध देण्याची ‘पल्स’ पद्धत रूढ केली. भारतातील असंख्य पेम्फिगस रुग्णांना तिचा आधार मिळाला. आता रिटुक्सिमॅब हे इंजेक्शनही वापरले जाते. कोणता मार्ग घ्यायचा हे वय, साखर, रक्तदाब, जुना क्षय यांवर ठरते. एकदा सुरू झालेली स्टेरॉइडची गोळी बरे वाटले म्हणून किंवा फडावर जायचे म्हणून अचानक बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते.

घरी एक गोष्ट निश्चित करता येईल. केळीचे कोवळे पान स्वच्छ धुऊन, वाफवून, गार झाल्यावर पाठीखाली अंथरावे. ओली जागा त्याला चिकटत नाही आणि कूस बदलताना कातडी ओढली जात नाही. आमच्या विभागांत ही पद्धत जुनी आहे, आणि अर्धापूर-वसमतकडच्या केळीच्या पट्ट्यातून येणारे नातेवाईक पानांचा भाराच घेऊन येतात. ताप, थंडी किंवा फोडांतून पू दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

प्रश्न : वडिलांना (वय ६४, जालना जिल्हा) डाव्या बरगडीत तीन दिवस आग होत होती. हृदयाचा त्रास समजून ईसीजी काढला, तो ठीक आला. काल त्याच ठिकाणी फोडांचा पट्टा उठला. नागीण आहे म्हणून काव लावली आहे. तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जगत नाही, हे खरे का?

उत्तर : खरे नाही, कारण मुळात ते जुळतच नाही. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो आणि उतारवयात एखाद्या तंतूच्या वाटेने बाहेर पडतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो, त्यामुळे पट्टा छातीच्या आणि पाठीच्या मध्यरेषेवर येऊन थांबतो. तो मध्यरेषा ओलांडून सर्वांगावर पसरू लागला तर मात्र प्रतिकारशक्ती खालावल्याची शंका घेऊन रुग्णालय गाठावे.

फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत ॲसायक्लोव्हिर सुरू होणे महत्त्वाचे आहे. प्रौढांसाठी नेहमीची मात्रा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस अशी असते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर ती कमी करतात. आपले पत्र छापून येईपर्यंत ही मुदत टळून जाईल, म्हणून आपल्याला फोनवरून हे आधीच कळवले आहे. काव पुसून काढावी; तिच्याखाली पू झाला तरी दिसत नाही. फोडांवर खपल्या धरेपर्यंत गर्भवती स्त्रिया आणि कांजिण्या न झालेली लेकरे यांना दूर ठेवावे. नागीण कपाळावर उठली आणि नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. फोड गेल्यावरही महिनोन्‌महिने राहणाऱ्या वेदनेसाठी वेगळ्या गोळ्या असतात, ती सोसत बसण्याची गरज नाही.

प्रश्न : मी १९ वर्षांची असून लातूरला नीटची तयारी करते. मुरुमांसाठी मैत्रिणीने सांगितलेली एक ट्यूब मेडिकलमधून आणून आठ महिने लावत आहे. पहिल्या पंधरवड्यात चेहरा एकदम स्वच्छ आणि उजळ झाला. आता एक दिवस लावली नाही तरी चेहरा लालबुंद होतो, अभ्यासिकेत खिडकीशी बसले तरी आग होते, गालावर लव वाढली आहे आणि एकसारख्या बारीक पुळ्या आल्या आहेत. मला उन्हाची ॲलर्जी झाली आहे का? पाळीही दोन-दोन महिने लांबते.

उत्तर : तुम्हाला उन्हाची नव्हे, ट्यूबची बाधा झाली आहे. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या वेष्टनावर बारीक अक्षरांत मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही तीन नावे आहेत. यांतील मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन ही त्याचीच भावंडे. खाजेच्या, गजकर्णाच्या आणि गोरेपणाच्या असंख्य ट्यूबांमध्ये ती असतात. स्टेरॉइड सूज दाबते, म्हणून पहिले पंधरा दिवस जादू वाटते; नंतर कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसू लागतात, लव वाढते आणि औषध थांबवले की चेहरा उसळून येतो. उसळी शमवण्यासाठी पुन्हा तीच ट्यूब, असे ते चक्र आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. तुम्हाला चिठ्ठी कोणी विचारली नाही, हे तुमच्या पत्रावरून दिसतेच. वरच्या पत्रातील सासूबाईंचा जीव ज्या औषधाने वाचणार आहे, त्याच घराण्यातील औषध तुमच्या गालावर असे वागते. म्हणून ते कोणी, किती आणि कशासाठी दिले, हे पाहावे लागते.

खरी मुरुमे आणि स्टेरॉइडच्या पुळ्या ओळखता येतात. खऱ्या मुरुमांत सगळ्या वयांची मंडळी एकत्र नांदतात : नाकाजवळ काळे ठिपके, कोठे पांढरा दाणा, कोठे पिकलेला फोड, कोठे जुना डाग. स्टेरॉइडच्या पुळ्या मात्र एका दिवशी पेरल्यासारख्या सारख्याच असतात, आणि मलम जेथवर चोळले जाते तेथवरच त्यांची हद्द असते.

ट्यूब बंद करावी, पण त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. पहिले काही आठवडे चेहरा आणखी लाल होईल. त्या काळासाठी ते सौम्य औषधे देतील. तोवर साधा सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच असावे. टूथपेस्ट, लिंबू, बेकिंग सोडा यांतले काही नको. चेहरा शांत झाल्यावर मूळच्या मुरुमांकडे वळता येईल. त्यासाठी रात्री ॲडापॅलिन जेल वाटाण्याएवढे घेऊन संपूर्ण भागावर, सुरुवातीला एक दिवसाआड लावतात. फक्त पुळीवर ठिपका देण्याचा उपयोग नसतो. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड लावतात, आणि त्याने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, हे ठाऊक असावे. गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या तर त्या पेलाभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे पडू नये, आणि त्या चालू असताना ऊन जास्त बाधते. आयसोट्रेटिनॉइन ही गोळी गाठीच्या, व्रण पाडणाऱ्या मुरुमांवर फार प्रभावी आहे. पण ती चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भधारणा होता कामा नये, कारण तिने गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात.

पाळी लांबते, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. मी ते पत्राच्या सुरुवातीला लिहिले असते. जबड्याच्या रेषेवर मुरुमे, हनुवटीवर राठ केस आणि अनियमित पाळी हे एकत्र असेल तर पीसीओएस या अंडाशय व संप्रेरकांच्या विकाराची तपासणी करावी, अन्यथा मलमे बदलण्यात वर्षे जातील. आणि केसांना तेल लावायचेच तर ते कपाळावर ओघळणार नाही इतपतच लावावे.

प्रश्न : आमच्या वसतिगृहात (हिंगोली जिल्हा) पावसाळ्यात अनेक मुलांच्या मानेवर सकाळी उठल्यावर ओरखड्यासारखी लाल रेघ दिसते, मग तिच्यावर बारीक फोड येतात. मुले म्हणतात, किडा मुतला. उपाय सुचवावा.

उत्तर : किडा मुतत नाही आणि चावतही नाही, तो चिरडला जातो. काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा, मुंगीपेक्षा थोडा मोठा असा पेडेरस नावाचा हा किडा दिव्याकडे येतो. झोपेत हाताने झटकला की त्याच्या अंगातील दाहक रस कातडीवर फासला जातो आणि हात फिरला त्या दिशेने रेघ उमटते. कोपराच्या घडीत चिरडला तर घडी मिटल्यामुळे समोरासमोर दोन जुळे डाग पडतात, आणि ती खूण पाहिली की दुसऱ्या कोणत्याही तपासणीची गरज राहत नाही. किडा अंगावर दिसला तर फुंकून किंवा कागदावर घेऊन दूर करावा, जागा साबणाने लगेच धुवावी आणि तोच हात डोळ्याला लावू नये. डाग साधारण आठवडा-दहा दिवसांत सुकतात. झोपण्यापूर्वी व्हरांड्यातले दिवे मालवावेत, खाटा दिव्याखालून हलवाव्यात, मच्छरदाण्या लावाव्यात. या फोडांवर बिब्बा मात्र घालू नये. एका मुलाला तो घातल्याचे आपण लिहिले आहे, आणि त्याच्या मानेवर आता जे ओघळासारखे काळे, सुजलेले व्रण आहेत, ते किड्याचे नसून बिब्बा उतल्याचे आहेत. त्याला आधी दवाखान्यात पाठवावे.